९२ गुण, तरीही गुडघा सरळ होत नाही

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६८ आहे. दहा आठवड्यांपूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया झाली. घरी व्यायाम करताना आम्ही फोनवरचे एक अ‍ॅप वापरतो. फोन समोर ठेवला की ते कॅमेऱ्यातून हालचाल टिपते, पडद्यावर सांध्यांच्या जागी ठिपके दाखवते आणि प्रत्येक व्यायामाला १०० पैकी गुण देते. खुर्चीत बसून पाय सरळ करण्याच्या व्यायामात बाबांना सुरुवातीला ६१ गुण मिळत, आता ९२ मिळतात. ते फार खूश होते. पण गेल्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टने कोन मोजला आणि गुडघा पूर्ण सरळ व्हायला अजून १२ अंश कमी पडतात असे सांगितले. बाबांना ते पटत नाही. ‘यंत्र कशाला खोटे बोलेल?’ असे ते म्हणतात. मला मात्र या अ‍ॅपवर विसंबावे की नाही, हेच कळेनासे झाले आहे. ते बंद करावे का? आणि बाबांना काय सांगावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

प्रथम थेट उत्तर देतो. फिजिओथेरपिस्टने सांगितलेले १२ अंश खरे धरा आणि अ‍ॅप बंद करू नका. ही दोन वाक्ये एकमेकांच्या विरोधात आहेत असे वाटेल, पण ९२ गुण आणि १२ अंशांची उणीव हे दोन्ही एकाच गुडघ्याबद्दल एकाच वेळी खरे असू शकते. ते कसे, हे समजले की बाबांना काय सांगायचे तेही आपोआप सुचेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

फोनला गुडघा दिसत नाही, त्याला फक्त चित्र दिसते. अशा अ‍ॅपच्या मुळाशी जो प्रोग्रॅम असतो, त्याला आधी असंख्य छायाचित्रे दाखवलेली असतात आणि त्या छायाचित्रांवर माणसांनी खांदा, कोपर, खुबा, गुडघा, घोटा यांच्या जागा खुणा करून ठेवलेल्या असतात. शिकवणीसाठी सर्वात जास्त वापरल्या गेलेल्या एका संग्रहात अशा १७ जागा आहेत. गूगलने २०२० मध्ये आणलेल्या एका प्रारूपात ३३ आहेत. त्या शिकवणीच्या जोरावर प्रोग्रॅम प्रत्येक नव्या चित्रात सांधा कुठे असावा याचा अंदाज करतो आणि खुबा, गुडघा व घोटा या तीन ठिपक्यांना जोडणाऱ्या दोन रेषांमधून गुडघ्याचा कोन काढतो. सेकंदाला साधारण ३० चित्रे, म्हणजे सेकंदाला ३० अंदाज. बाबा पाय अजिबात न हलवता बसले असताना पडद्यावरच्या गुडघ्याच्या ठिपक्याकडे एकदा निरखून पाहा. तो किंचित थरथरत असतो आणि कपड्याची घडी पडली की तिच्याकडे सरकतो. खुब्याच्या ठिपक्याचे तर आणखी अवघड आहे, कारण खुब्याचा सांधा शरीरात खोलवर असतो आणि ज्याने छायाचित्रावर ती खूण केली त्यालाही तो दिसलेला नव्हता.

हालचालींचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांत हे काम वेगळ्या तऱ्हेने होते. तिथे त्वचेवर प्रकाश परावर्तित करणारे छोटे गोळे चिकटवतात, भोवती अनेक इन्फ्रारेड कॅमेरे असतात आणि गोळ्याची जागा एक मिलिमीटरपेक्षाही कमी चुकीने सापडते. तरीसुद्धा गोळा त्वचेवर असतो आणि हाड आत असते. पाय हलला की मांडीची त्वचा हाडावरून सरकते आणि तेवढी चूक तिथेही शिल्लक राहते. इतक्या खर्चाच्या यंत्रणेचीही ही स्थिती आहे, हे फोनकडून अपेक्षा ठेवताना लक्षात असू द्यावे.

आता आपल्या पत्रातल्या एका शब्दाकडे येतो. ‘फोन समोर ठेवला की’ असे आपण लिहिले आहे. फोन खरोखरच बाबांच्या समोर, म्हणजे त्यांच्या गुडघ्याच्या रोखाने ठेवला जात असेल, तर या एका व्यायामासाठी ती जागा सर्वात वाईट आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाची मांडी समोरच्या कॅमेऱ्याकडे रोखलेली असते, त्यामुळे चित्रात ती आखूड, जवळजवळ गोळा झालेली दिसते. पाय सरळ होऊ लागला की नडगीचेही तसेच होते. जो कोन मोजायचा, तो चित्राच्या सपाटीवर उरतच नाही. प्रोग्रॅमला खोलीचा, म्हणजे कॅमेऱ्यापासूनच्या अंतराचा, अंदाज बांधावा लागतो आणि एका कॅमेऱ्यावरून बांधलेला खोलीचा अंदाज हा या सगळ्या तंत्रातला कच्चा दुवा आहे. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये खेळांसाठी आणलेल्या किनेक्ट या यंत्राकडे पुनर्वसनाच्या क्षेत्रातले लोक इतक्या उत्साहाने वळले, ते याचसाठी. त्यात इन्फ्रारेड प्रकाशाने प्रत्यक्ष अंतर मोजले जात असे आणि २०१३ च्या सुधारित यंत्रात शरीरावरच्या २५ जागा टिपल्या जात. त्याचे उत्पादन २०१७ मध्ये थांबले. आजची बहुतेक अ‍ॅप्स साध्या कॅमेऱ्यावर चालतात आणि अंतर न मोजता ताडतात.

फोन अगदी बाजूला न ठेवता तिरका ठेवला तर काय होते, याचा हिशेब कागदावर करता येतो. समजा बाबांचा गुडघा सरळ व्हायला ४५ अंश कमी आहेत आणि मांडी खुर्चीवर आडवी टेकलेली आहे. कॅमेरा बरोबर बाजूला, काटकोनात असेल तर चित्रातही ४५ अंशच दिसतील. तोच कॅमेरा ३० अंश तिरका केला तर चित्रात सुमारे ४९ अंश दिसतील आणि ४५ अंश तिरका केला तर सुमारे ५५. गुडघा तसूभरही हललेला नसताना केवळ फोनची जागा बदलल्याने १० अंशांचा फरक पडला. याचा अर्थ असा की सोमवारी फोन तिरका आणि मंगळवारी नीट बाजूला ठेवला, तर जी सुधारणा दिसेल ती फोनची असेल. अंतर ताडून ही चूक भरून काढण्याचा प्रयत्न चांगली अ‍ॅप्स करतात, पण ती पूर्णपणे भरून निघते असे समजू नये. खात्री करायची असेल तर बाबांचा पाय एखाद्या उशीवर स्थिर ठेवून, दोन वेगवेगळ्या जागी फोन ठेवून, अ‍ॅपने दाखवलेला कोन स्वतः वाचून पाहावा.

हे झाले मोजण्याचे. बाबा ज्या आकड्यावर खूश आहेत तो मात्र कोनच नाही, तो गुण आहे; आणि मला वाटते खरी गफलत इथेच झाली आहे.

गुण देण्याची एक रूढ रीत अशी असते की आदर्श व्यायामाची एक नोंद आधीच साठवलेली असते आणि रुग्णाची हालचाल तिच्या किती जवळ जाते ते तपासले जाते. दोन माणसे एकाच वेगाने व्यायाम करत नाहीत, म्हणून दोन्ही नोंदी वेळेच्या बाबतीत ताणून किंवा आवळून एकमेकींवर बसवतात. ही युक्ती मूळची बोललेले शब्द ओळखण्यासाठी वापरली जात असे. साकोए आणि चिबा या जपानी संशोधकांचा तिच्यावरचा १९७८ चा लेख आजही पायाभूत मानला जातो. सावकाश बोललेला शब्द आणि भरभर बोललेला शब्द एकच आहे हे जसे तिच्यामुळे कळते, तसा सावकाश केलेला व्यायामही बरोबर ठरतो. वृद्ध रुग्णाच्या दृष्टीने हे न्यायाचेच आहे. पण मग हालचाल मध्येच अडखळली, शेवटी धपकन पाय खाली सोडला, अशा गोष्टी वेगळ्या मोजल्या नाहीत तर त्या गुणातून निसटतात.

त्याहून महत्त्वाची गोष्ट सरासरीची. एक साधे उदाहरण घेऊ. आदर्श नोंदीत गुडघा ९० अंशांपासून ० पर्यंत जातो, बाबांचा ९० पासून १२ पर्यंत जातो आणि दोघांची गती सारखीच आहे. सुरुवातीला फरक ० अंशांचा, शेवटी १२ अंशांचा, म्हणजे सरासरी ६ अंशांचा. ९० अंशांच्या हालचालीत ६ अंश म्हणजे शेकडा ७ पेक्षा थोडे कमी. १०० मधून तेवढे वजा केले की गुण येतात ९३. फिजिओथेरपिस्टच्या दृष्टीने ज्या शेवटच्या टप्प्यासाठी हा व्यायाम दिला होता तो टप्पाच गाठला गेला नाही, आणि सरासरीच्या दृष्टीने काम जवळजवळ फत्ते झाले. यात दगाबाजी कुणाचीच नाही. ६१ वरून ९२ वर येताना बाबांनी व्यायामाची लय, सुरुवातीची बैठक, पाय उचलण्याचा मार्ग हे सारे नक्कीच सुधारले असणार; फक्त ते शेवटचे १२ अंश त्या आकड्यात बुडून गेले.

हे शेवटचे अंश इतके महत्त्वाचे का, हे बाबांनाही सांगा. चालताना टाच जमिनीला टेकते त्या क्षणी गुडघा जवळजवळ सरळ असावा लागतो. तो वाकलेलाच राहिला तर माणूस किंचित लंगडतो, मांडीचा पुढचा स्नायू उभे असतानाही सतत ताणात राहतो आणि लवकर दमतो. गुडघा वाकण्याकडे सगळ्यांचे लक्ष असते, सरळ होण्याकडे कमी असते, आणि हे मला रुग्णांमध्ये वारंवार दिसते.

शिवाय या १२ अंशांचे दोन अगदी निराळे अर्थ होऊ शकतात. बाबा स्वतःच्या ताकदीने पाय सरळ करतात तेव्हा १२ अंश कमी पडतात, पण कुणी टाच अलगद उचलून धरली तर गुडघा पूर्ण सरळ होतो, असे असेल तर सांधा मोकळा आहे आणि स्नायूत जोर कमी आहे. याला आम्ही ‘लॅग’ म्हणतो. टाच उचलूनही गुडघा सरळ होत नसेल तर सांध्याभोवतीच्या ऊती आखडल्या आहेत, ते ‘काँट्रॅक्चर’. पहिल्यात स्नायू बळकट करण्यावर भर असतो, दुसऱ्यात सावकाश ताण देण्यावर. कॅमेऱ्यासमोर बाबा एकटेच पाय उचलतात, त्यामुळे कॅमेऱ्याला या दोहोंतले एकच दृश्य दिसते आणि दोन्ही प्रकारांत ते सारखेच असते. फिजिओथेरपिस्ट मात्र एक हात टाचेखाली घालतो, दुसरा मांडीवर ठेवतो आणि सांधा शेवटी कसा थांबतो ते तळहाताला जाणवून घेतो : मऊ अडतो, कडक अडतो, की रुग्ण दुखते म्हणून स्वतःच अडवतो. पुढच्या भेटीत हे १२ अंश यांपैकी कोणते आहेत आणि ते बसून मोजले की पडून, हे अवश्य विचारा.

आणखी एक गोष्ट आपण घरीच पाहू शकाल. पाय सरळ करताना बाबा पाठ मागे नेतात का? मांडीच्या मागचे स्नायू बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याखाली जातात. माणूस मागे रेलला की ते सैल पडतात आणि गुडघा सरळ करणे सोपे जाते. रुग्ण हे मुद्दाम करत नाही, शरीरच वाट शोधून काढते. अ‍ॅप फक्त गुडघ्याचा कोन पाहत असेल तर रेलून केलेला व्यायाम त्याला जास्त चांगला दिसेल. मांडी खुर्चीवरून वर उचलली जाणे हाही त्यातलाच प्रकार. खांद्याच्या व्यायामात हात वर जात नसला की रुग्ण खांदा कानाकडे ओढतो आणि धड दुसऱ्या बाजूला झुकवतो, तेही असेच. अशा आडवाटा ओळखणे हे मूल्यमापनातले अर्धे काम आहे. चांगल्या अ‍ॅपने धडाचा कोन वेगळा दाखवला पाहिजे; आपले अ‍ॅप दाखवत नसेल तर ते काम आपण खुर्चीच्या बाजूला उभे राहून करा.

अ‍ॅपमधली ‘चूक’ कोणाच्या चुकांवरून शिकलेली असते, हेही पाहण्यासारखे आहे. या क्षेत्रात बऱ्याच अभ्यासांत वापरलेल्या, २०१८ मध्ये खुल्या केलेल्या एका नोंदसंग्रहात १० सुदृढ माणसांनी १० प्रकारच्या हालचाली आधी बरोबर आणि नंतर मुद्दाम चुकीच्या करून दाखवल्या आहेत. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या एका संग्रहात ७८ जण आहेत आणि त्यांपैकी ३४ प्रत्यक्ष त्रास असलेले आहेत. तो संग्रह कंबरदुखीच्या व्यायामांचा आहे. दोन्ही प्रामाणिकपणे केलेली कामे आहेत. पण धडधाकट माणसाने चुकीचा अभिनय करणे आणि शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचा गुडघा दुखून अडणे, यांत फार अंतर आहे. नव्या गुडघ्याची, दहाव्या आठवड्यातली, ६८ वर्षांच्या माणसाची हालचाल त्या शिकवणीत कितपत होती, हा प्रश्न अ‍ॅप बनवणाऱ्यांना विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

इतके सगळे लिहूनही मी अ‍ॅप बंद करू नका म्हणतो, त्याला कारण आहे. घरचा व्यायाम बहुतेक वेळा बुडतो तो कंटाळ्याने आणि एकटेपणाने. मोजणारे कुणी असले की माणूस करतो. गुडघा बदललेल्या ३०६ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, हालचाल टिपणाऱ्या कॅमेऱ्यासमोर घरी केलेल्या व्यायामाची तुलना नेहमीच्या उपचाराशी केली गेली. १२ आठवड्यांनंतर रुग्णांची स्थिती नेहमीच्या उपचारापेक्षा कमी प्रतीची नव्हती आणि खर्च कमी झाला होता. मात्र तिथे कॅमेऱ्याच्या पलीकडे फिजिओथेरपिस्ट होता. तो नोंदी पाहत होता, रुग्णाशी बोलत होता आणि व्यायाम बदलत होता. आपल्या घरी सध्या ही दोन टोके सुटी आहेत. अ‍ॅप घरी आहे, फिजिओथेरपिस्ट त्यांच्या जागी आहेत आणि दोघांची गाठ पडलेली नाही. ती आपण घालून द्यावी.

त्यासाठी फोन शस्त्रक्रिया झालेल्या पायाच्या बाजूला, म्हणजे बाबांच्या उजवीकडे, गुडघ्याच्या उंचीवर आणि दोन-तीन मीटर अंतरावर ठेवा, म्हणजे डोक्यापासून पावलापर्यंत सारे चित्रात येईल. जमिनीवर फोनची आणि खुर्चीच्या पायांची जागा चिकटपट्टीने आखून ठेवा आणि रोज तिथेच ठेवा. कपडे अंगाबरोबर असावेत, गुडघा उघडा असल्यास उत्तम. मागून उजेड येऊ नये आणि चित्रात दुसरे कुणी फिरू नये. अ‍ॅप समोरचीच जागा मागत असेल तर गुणांसाठी ते तसे चालू द्या, पण आठवड्यातून एकदा बाजूने साधा व्हिडिओ वेगळा काढा. गुणांऐवजी गुडघा जास्तीत जास्त किती सरळ झाला तो कोन लिहून ठेवा, आणि तोही एका दिवसाचा न धरता आठवड्याचा कल पाहा. एकाच गुडघ्याचा कोन दोन अनुभवी माणसांनी हाताने मोजला तरी ५ अंशांपर्यंत फरक पडणे सामान्य आहे, तेव्हा फोनवरच्या दोन-तीन अंशांच्या चढउताराने हुरळूनही जाऊ नये आणि खट्टूही होऊ नये. व्हिडिओ फोनमध्येच राहतो की बाहेर पाठवला जातो, हे अ‍ॅपच्या अटींमध्ये एकदा वाचून घ्या.

काही व्यायामांना मात्र कॅमेऱ्यासमोर बसण्याची गरजच नाही. पाय पसरून, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो खाली दाबायचा व्यायाम बाबांना दिला असेल. त्यात स्नायू पूर्ण जोर लावतो आणि पाय जवळपास हलत नाही. कॅमेऱ्याला वाटते, माणूस नुसता बसला आहे. तिथे आपली बोटे त्यांच्या गुडघ्याच्या वाटीच्या वर, मांडीवर ठेवा. स्नायू दगडासारखा घट्ट झाला की कळते, आणि मधेच सैल पडला तर तेही कळते. त्याचप्रमाणे सूज, गरमपणा, जखमेची लाली किंवा स्राव, ताप, पोटरी दुखून सुजणे हे ठिपक्यांना दिसत नाही. यांपैकी काही आढळले तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा, आणि एकाएकी दम लागला किंवा छातीत दुखू लागले तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठा.

राहिला बाबांचा प्रश्न. ‘यंत्र खोटे बोलले’ असे त्यांना सांगू नका, कारण ते खरे नाही आणि त्यांच्या दहा आठवड्यांच्या कष्टांवर त्याने पाणी पडेल. आज व्यायामाच्या वेळी त्यांना ताठ बसवा, फोन बाजूच्या खुणेवर ठेवा आणि पाय सरळ करून तिथेच पाच सेकंद धरायला सांगा. मग ते चित्र थांबवून त्यांच्या हातात द्या आणि पडद्यावर मांडीची व नडगीची रेघ त्यांनाच बोटाने काढू द्या. गुडघ्यापाशी ती रेघ जिथे मोडते तेवढेच अंतर उरले आहे, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. तेच चित्र पुढच्या भेटीत फिजिओथेरपिस्टलाही दाखवा, आणि या मोडलेल्या रेघेसाठी कोणता व्यायाम वाढवायचा हे बाबांनाच विचारू द्या.